प्रेमाने थांबलेली मंडळी

पाळकांनी स्वतः खुर्ची उचलली आणि दाराच्या अगदी तोंडाशी नेऊन ठेवली.

"इथे बसा. उठून जावंसं वाटलं तर खुशाल जा. कुणी अडवणार नाही."

चष्मेवाली बसली. उभं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेल्यामुळे तिला माणसं आधी नाकापासून दिसत. या पाळकांचं नाक तरुण आणि विनम्र होतं. जुने पाळक व्यासपीठावरून गरजायचे. आता व्यासपीठच काढून टाकलं होतं आणि त्याच्या फळ्यांचं चहाचं टेबल केलं होतं. सुधारणा इतक्या कसोशीने झाली होती की नावं ठेवायला जागा शोधावी लागत होती. ती शोधायलाच तर चष्मेवाली आली होती.

शेजारी लेक होती. लेकीच्या पलीकडे तिची सोबतीण, हसऱ्या चेहऱ्याची. पूर्वी या धर्ममंडळीत प्रत्येकावर एक सांभाळणारा नेमलेला असे, आणि त्याच्या परवानगीशिवाय माणसाने कूस बदलायची सोय नव्हती. आता सोबती असतात. नुसते मैत्रीपुरते.

"आई, आठ्या घाल जरा कमी," लेक कुजबुजली.

"माझ्याच आहेत. घरून आणल्यात."

"नुसतं बघ गं. नाही पटलं तर पुढच्या रविवारी मी मंडळीची शपथ घेणार नाही. शब्द दिलाय ना तुला?"

दिला होता. त्या एका शब्दाखातर तिने दुकानाला कुलूप लावलं होतं आणि मेल्यावरही जिथे पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं होतं, तिथे जिवंतपणी येऊन बसली होती.

लेक पोटात असताना ती या मंडळीतून बाहेर पडली. त्या काळीही इथे कुणी मारत नसे, शिव्या देत नसे. कुणाचं काही चुकल्याचा संशय आला की त्याच्याभोवती खुर्च्या मांडत आणि थांबत. प्रेमाने थांबत. तो कबूल होईपर्यंत कुणी उठायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा नाही. मंडळीने वाळीत टाकलेल्या सख्ख्या बहिणीशी ती चोरून फोनवर बोलली होती, तेवढ्यासाठी सगळे दुपारी जमले ते दिवेलागण झाली तरी हलले नाहीत. बहिणीचं तिने लगेच कबूल केलं. पण समोरचे चेहरे तसेच प्रेमळ राहिले, तेव्हा तिने एक चोरी कबूल केली, आणि तीही पुरेना तेव्हा एक परपुरुष. दोन्ही कधी घडलेले नव्हते. परपुरुषाला तर तिने घाईघाईत मिशासुद्धा लावल्या. मग सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या आणि जेवायला वाढलं.

त्या दिवशी तिच्या बरोबर समोरच्या खुर्चीत मोठ्या ताई होत्या.

त्याच मोठ्या ताई आता दोन बायकांच्या आधाराने पुढे येत होत्या. क्षमायाचनेची ही काही पहिली सभा नव्हती, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं. गाणं झालं. पाळकांनी, आम्ही काहीही झाकणार नाही, असं सांगितलं आणि खरोखरच काही झाकलं नाही. मग मोठ्या ताई चष्मेवालीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले.

"मी तुला छळलं. प्रेमाच्या नावाखाली छळलं. तुझ्या बहिणीपासून तोडलं. मला क्षमा कर."

खोट काढायला जागा नव्हती. चष्मेवालीने स्वतः लिहून दिलं असतं तरी याहून बरं जमलं नसतं. हुंदका द्यावा की शिवी, हे तिला ठरवता येईना.

सभागृह शांत झालं. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या होत्या. कडेच्या टेबलावर चहा निवत होता, आणि कुणी कपाला हात लावत नव्हतं.

"सावकाश," पाळक मऊ आवाजात म्हणाले. "काही घाई नाही. आम्ही आहोत. थांबतो."

तिच्या आधी तिच्या पाठीला ते कळलं. कणा ताठ झाला. तिने चेहऱ्यांवरून नजर फिरवली. सगळे प्रेमळ होते. दार सताड उघडं होतं, बाहेरचा वारा मानेला लागत होता. उठायचं आणि चालायला लागायचं, एवढंच. तिने गुडघ्यांना तसं सांगून पाहिलं. ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

"आई," लेक हळूच म्हणाली, "सगळे थांबलेत गं."

मोठ्या ताई आणखी थोड्या वाकल्या. लांबून पाहणाऱ्याला ती नम्रता वाटली असती.

"बोलून टाक ना बाई," त्या ओठ न हलवता पुटपुटल्या. "तू बोलेपर्यंत मला बसता येत नाही. मागच्या खेपेला एका सुताराने घाम काढलाय माझा."

त्यांचे पाय थरथरत होते. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता, आणि हात जोडलेले असल्यामुळे त्यांना तो सावरता येत नव्हता. चष्मेवालीने बोट पुढे केलं, सवयीने चष्मा वर सरकवला आणि म्हणाली,

"केली क्षमा."

टाळ्या पडल्या. लोकांनी तिला मिठ्या मारल्या. चहाचे कप वाजू लागले.

मायलेकी आपापले कप घेऊन बाहेरच्या पायरीवर आल्या. लेकीचे डोळे चमकत होते.

"बघितलंस? केली कुणी बळजबरी?"

"नाही."

"मनापासून केलीस ना माफी?"

चष्मेवालीने खिडकीतून आत पाहिलं. मोठ्या ताईंना अखेर खुर्ची मिळाली होती. त्या चहात बिस्कीट बुडवत होत्या.

"म्हातारीला बसायला मिळावं म्हणून म्हटलं. माफीबिफी काही नाही. इथे काही बदललेलं नाही, बाळा. तू शपथ घेऊ नकोस."



"बरं," लेक म्हणाली. "नाही घेत. शब्द म्हणजे शब्द."

चष्मेवालीने डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी छातीतला श्वास तळापर्यंत गेला.

"पण हे मला आत सांगावं लागेल," लेक म्हणाली.

"कुणाला?"

"सोबतिणीला. तू आत्ता जे बोललीस ते. आता विचारायचं नसतं गं, नुसतं सांगायचं असतं."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर काही नाही. कुणी काही म्हणत नाही." लेक कपाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. "मला झोप लागत नाही, एवढंच."

आतून कुणीतरी मोठ्याने हसलं. लेकीची मान चटकन तिकडे वळली आणि तितक्याच चटकन परत फिरली. आपण काही पाहिलं नाही, असं दाखवत चष्मेवालीने चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता.

मग तिने हात पुढे करून लेकीचा कप आपल्याकडे घेतला.

"जा," ती म्हणाली. "सांगून ये."

लेक जवळजवळ धावतच आत गेली.