नामाची जोडी

मित्रांनो, मी एक जुना मुद्गल आहे. जुना म्हटलं की तुम्ही लगेच हळहळाल, म्हणून आधीच सांगतो, मी मोडलेलो नाही, थकलेलो नाही आणि अडगळीत तर मुळीच पडलेलो नाही. खालापूरच्या मारुतीमागे जी तालीम आहे, तिच्या भिंतीला टेकून आम्ही दोघे भाऊ उभे असतो. थोरला जाड आणि जड, मी धाकटा, बारीक आणि हलका. आम्हाला पाहून कुणीही म्हणेल की ही जोडी काही जमलेली नाही. म्हणू दे. माझी सगळी गोष्ट त्या न जमण्याचीच आहे.

माझा जन्म घाईत झाला. आगगाडी बोरघाट चढू लागली त्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. गावाने हौसेने तालीम बांधली. कुडाच्या भिंती, वर कौलं, मधे लाल मातीचा हौद, बाहेर विहीर. हनुमान जयंतीला नारळ फोडायचा ठरला आणि मुद्गलांचं काम नामा सुताराकडे आलं. नामाच्या घरी माळ्यावर बरीच वर्षं वाळत पडलेला शिसवीचा एक ओंडका होता. त्यातून आम्हा दोघांना काढायचं असा त्याचा बेत. थोरला झकास निघाला. उरलेल्या तुकड्याला मात्र आतून चीर होती. जयंती चार दिवसांवर आलेली, आणि नामा शब्द देऊन बसलेला. मग त्याने डोंगरातून नुकतीच तोडलेली ओली शिसव आणली आणि तिच्यातून मला घडवलं.

ओलं लाकूड पाण्याने जड असतं. तराजूत मी थोरल्याहून खाली गेलो. नामाने वाकसाने मला तासलं, पुन्हा तोललं, पुन्हा तासलं. काटा मधोमध आला तेव्हा थोरला सहा शेर आणि मीही सहा शेर. ओलं लाकूड पुढे वाळणार हे नामाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण शब्द दिला की सुताराला लाकडापेक्षा दिवस मोठा वाटतो. जयंतीला सगळ्या गावाने आम्हाला हात लावून पाहिलं आणि नामाची पाठ थोपटली. मी तर फुगूनच गेलो होतो.

तालमीचे वस्ताद होते सुलेमान. मूळचे खाडीकाठचे, बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारायचा त्यांचा धंदा. पहाटे शेतकरी यायचे, संध्याकाळी कचेरीतले लोक. आबाजी कारकून आत शिरले की आधी त्यांचं पोट आत यायचं, मग आबाजी. दंड काढताना पोट मातीला टेकलं की वस्ताद तो दंड धरायचे नाहीत, आणि आबाजी अर्ज लिहिल्यासारखी तक्रार करायचे. तक्रारी सगळ्यांच्याच असत. हौदाची माती टणक झालीय, कौलांतून पाणी गळतं, विहिरीचा दोर आखूड आहे. वस्ताद शांतपणे ऐकायचे आणि तक्रार करणाऱ्याच्याच हातात कुदळ द्यायचे. त्यामुळे आमच्या हौदाची माती पंचक्रोशीत सगळ्यांत मऊ होती.

पावसाळा गेला, हिवाळा गेला, आणि मी आतून वाळत गेलो. मला स्वतःला ते कळलंच नाही. शिमगा झाल्यावर एक दिवस तालमीतला एक गडी, येसाजी, आम्हाला फिरवत होता. थोरला त्याच्या पाठीमागून रुबाबात वळून आला. मी मात्र हलका झाल्यामुळे लवकर वळलो आणि त्याच्या कानशिलावर आदळलो.

"वस्ताद, ही जोडी सारकी नाय," कान चोळत येसाजी म्हणाला. "एक म्हस हाय आन् एक कोकरू."

आम्हाला तोललं. थोरला होता तिथेच होता. मी साडेचार शेरांवर आलो होतो. नामाने खाली मान घातली. मी लाकूड असून मला लाज वाटली, मग त्या माणसाला किती वाटली असेल.

एवढ्यावर निभावलं असतं, पण गावात भागूबाई होती. ती घरोघरचे पोहे कांडायची, आणि तिच्या मुसळाइतकीच तिची जीभही चालायची. त्या वैशाखात एका लग्नात नवरा ताडमाड उंच निघाला आणि नवरी त्याच्या कोपराला लागेल एवढी. भागूबाई मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही तर नामाची जोडी झाली गं."

झालं. एक बैल खिल्लारी आणि दुसरा मरतुकडा दिसला की नामाची जोडी. एक वहाण नवी आणि एक फाटकी, नामाची जोडी. खोपोलीच्या बाजारातसुद्धा लोक तसं म्हणू लागले, आणि नामा कोण हे त्यांना माहीतही नव्हतं. नामाने तालमीत यायचं सोडलं. रस्त्यावर चार माणसं उभी दिसली की तो मारुतीमागून वळसा घालून जायचा. थोरल्याला कुणीतरी एकट्याने फिरवायचं. मला मात्र वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराशी लावून ठेवलं. दोन वर्षं मी दाराचा अडसर होतो. खोटं कशाला बोलू, ते दिवस मला फार जड गेले.

मग एक वाईट गोष्ट घडली. शिळफाट्याला गाडीतून सागाची तुळई उतरवताना दोर सुटला आणि तुळई नामाच्या डाव्या खांद्यावर आली. हाडवैद्याने पट्ट्या बांधल्या. दीड महिन्याने त्या सोडल्या तेव्हा हाड जुळलं होतं, पण हात लुळा लोंबत होता. सुताराचा उजवा हात मोगरी मारतो हे सगळ्यांना दिसतं. पटाशी धरतो तो डावा, हे सुतारालाच माहीत असतं. नामाला पटाशी धरता येईना. गावची कामं मोहोपाड्याच्या सुताराकडे जाऊ लागली आणि नामाच्या दारातला भुसा वाऱ्याने उडून गेला. हात गेला तर धंदा गेला, एवढं सरळ होतं ते.

एका सकाळी तो मारुतीमागून चालला होता. वस्ताद उंबऱ्यावर बसले होते आणि मी त्यांच्या शेजारी, दाराला टेकून.

"नामा, जरा हिकडं ये रं."

"काय काम हाय वस्ताद? माजं काय ऱ्हायलंय तालमीत?"

"तुजी जोडी ऱ्हायलीय."

नामाचा चेहरा उतरला. "तुमी पण हसा."

"हसत नाय," वस्ताद म्हणाले. "एवडी वरसं बैलांच्या पायाशी बसतोय मी. एका बैलाचा खांदा आला, सुजून दुखाया लागला, तर गाडीवान काय करतो? त्याच्या बाजूनं जू लांब धरतो, वझं कमी पडावं म्हणून. त्या गाडीवानाला कुनी हसतं का? तुजा एक खांदा आलाय. दोन सारके मुद्गल देऊन मी तुला काय करू?"

त्यांनी मला उचललं, माझ्यावरची धूळ पंच्याने पुसली आणि नामाच्या डाव्या हातात दिलं. त्या हाताची बोटं माझ्या मुठीवर पुरती आवळेनात. तासताना ज्या हाताने मला घट्ट धरलं होतं तो हाच होता का, असा मला प्रश्न पडला.

"समदे बगतील," नामा हळूच म्हणाला.

"बगू दे. बगून बगूनच शिकतात."

पहिले आठ दिवस नामाने मला उचललंच नाही. मला नुसतं हातात धरून तो उभा राहायचा आणि मी लोंबत झुलायचो. उजव्या हातात थोरला आरामात डुलत असायचा. येसाजीला पहिल्या दिवशी हसू आलं. दुसऱ्या दिवशी आलं नाही. तिसऱ्या दिवशी तो तेलाची वाटी घेऊन आला आणि काही न बोलता नामाचा खांदा चोळू लागला. नवव्या दिवशी नामाने मला वीतभर उचललं. मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. पावसाळ्यात मी त्याच्या छातीपर्यंत आलो. कधी दुखून त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तो मला खाली ठेवायचा. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. माझ्या जागी सहा शेरांचा मुद्गल असता तर तो हात तिथेच संपला असता, हे मी बढाई म्हणून नाही, खरं म्हणून सांगतो.

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी मी त्याच्या डाव्या खांद्यावरून पाठीमागे गेलो आणि गोल फिरून पुढे आलो. थोरला आणि मी, दोघे एकाच वेळी. आबाजी कारकुनांनी बैठक अर्धीच सोडली आणि तसेच वाकून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीपलीकडून मोगरीचा आवाज आला. तो ऐकून मला जो आनंद झाला तसा पुन्हा कधी झाला नाही.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. पण हात बरा झाला तरी नामाच्या मनातलं शल्य गेलं नव्हतं. पुढच्या हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी तो भोकं पाडायचा सामता आणि शिशाची वडी घेऊन तालमीत आला. माझ्या बुडाला भोक पाडायचं, त्यात वितळलेलं शिसं ओतायचं आणि मला पुरता सहा शेरांचा करून टाकायचा.

"उद्या गावासमोर तोलतो जोडी," तो वस्तादांना म्हणाला. "एकदाचं माजं नाव सुटू दे."

सामत्याचं टोक माझ्यात गरगर शिरलं. मला राग नाही आला. नामाने त्या नावापायी काय काय सोसलं होतं ते मी पाहिलं होतं. तरी पोटात खड्डा पडला, खरोखरचा आणि मनातलाही. शिसं पळीत वितळून चकाकू लागलं. नामाने पळी उचलली, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"नामा, भरलंस का रं शिसं?"

भागूबाई होती. उंबऱ्याबाहेर उभी, उजवा हात पदराने गळ्यात बांधलेला. महिन्यापूर्वी ती तळ्याच्या पायऱ्यांवर घसरून पडली होती.

"नाय अजून. का?"

"मग थांब जरा." तिचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "हाड बसलं, पर हात वर जात नाय. मुसळ उचलत नाय. वस्ताद म्हनाले, याचं औषिद तुज्यापाशी हाय."

नामाने तिच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाहिलं.

"ते नाव मीच पाडलं तुजं."

"ठावं हाय मला."

"मग तू नाय म्हनालास तरी माजं तोंड नाय बोलायला."

मित्रांनो, त्या क्षणी नामाच्या हातात दोन्ही गोष्टी होत्या. शिसं ओतलं असतं तर त्याचं नाव धुऊन निघालं असतं, आणि नाव ठेवणारी बाई मुसळाशिवाय घरी बसली असती. गावात कुणीही त्याला दोष दिला नसता. त्याने पळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग तो उठला, बाहेर गेला आणि त्याने पळी मातीत उपडी केली.

"पर मी बाईमानूस," भागूबाई म्हणाली. "तालमीत कशी येनार?"

"बाईनं तालमीत येऊ नये ही रीत हाय," वस्ताद म्हणाले. "जोडीनं बाईच्या दारी जाऊ नये अशी रीत मी तरी ऐकली नाय."

नामाने आम्हा दोघांना खांद्यांवर घेतलं आणि भर बाजारातून चालू लागला. या वेळी त्याने मारुतीमागून वळसा घातला नाही. डाव्या खांद्यावर त्याने थोरल्याला घेतलं होतं.

भागूबाईच्या अंगणात मी सहा महिने राहिलो. पदर खोचून ती मला उजव्या हातात धरायची आणि दुखलं की मला शिव्या द्यायची. तशा शिव्या मी तालमीतही ऐकल्या नव्हत्या. नामा कुडाबाहेर उभा राहून सांगायचा, "सावकाश, भागूबाय. आज नुसतं लोंबू दे." दिवाळीच्या पोह्यांना तिच्या उखळाचा आवाज सगळ्या आळीने ऐकला.

त्यानंतरच्या लग्नसराईत पुन्हा एका मांडवात उंच नवरा आणि ठेंगणी नवरी उभी राहिली. कुणीतरी हसून म्हणालं, "नामाची जोडी बग." भागूबाई गर्रकन वळली.

"व्हय," ती म्हणाली. "देव करो आन् तशीच निघो."

मांडवातलं हसणं थांबलं. मग एका म्हाताऱ्याने नवरानवरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तेच म्हटलं. आज आमच्याकडे लग्नात थोरली माणसं आशीर्वाद देताना ते नाव घेतात. नामाने ते शब्द आपल्या कानांनी ऐकले, आणि मग पुष्कळ वर्षांनी तो गेला.

आता सुलेमान वस्तादांच्या जागी त्यांचा मुलगा शकूर शिकवतो. कौलं अजून गळतात आणि तक्रार करणाऱ्याला अजून कुदळच मिळते. परवा मोहोपाड्याचा एक गडी गळ्यात हात बांधून दारात आला. शकूर वस्तादांनी एवढंच विचारलं, "कुटला हात?" आणि मला उचललं.

तेव्हा मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तालमीतल्या वस्तूंची काळजी घ्या. आम्हाला अधूनमधून एरंडेल चोळा, पावसाळ्यात ओल्या भिंतीपासून दूर ठेवा, वापर झाला की जागेवर लावा. पण तुमच्यातला कुणी हुशार सुतार माझ्या बुडाचं भोक पाहून ते भरायला निघाला, तर त्याचा हात धरा. मी हलका झालो तो नामाच्या चुकीने. हलका राहिलो तो मात्र नामाच्या मर्जीने.