बबडूच्या कॉमिकचा जळफळाट

मित्रांनो, मी एका विनोदी कॉमिकचा जुना अंक आहे, आणि या घडीला माझा नुसता जळफळाट होतोय.

माझ्या जातीची कॉमिकं आधी परदेशातून आली. त्यांतली पोरं मोटारी फिरवायची, आइस्क्रीम खायची आणि प्रेमात धडपडायची. ते बघून आपल्याकडच्या एका चित्रकाराला वाटलं, आपली पोरं काय कमी बावळट आहेत? त्याने बबडू काढला. नुकती मिसरूड फुटलेला, वर्गात कमी आणि कँटीनमध्ये जास्त. लहान मुलं मला वाचायची ती मोठं झाल्यावर काय काय मजा येते ते बघायला. आणि कॉलेजातली पोरं वाचायची, कारण आपल्याहून मोठा फजितीबहाद्दर कुणी आहे, याने जिवाला गार वाटायचं.

मला मीरा रोडजवळच्या पेणकरपाड्याच्या मिनलने लहानपणी आणलं. तिच्या इमारतीतल्या प्रत्येक घरात माझा मुक्काम झाला. तिचा भाऊ भूपेश मला वाचून असा हसला, की तिकडे वरसाव्याच्या पुलावर ट्रकवाल्यांनी घाबरून ब्रेक मारले. खोटं वाटत असेल तर पुलाला विचारा.

मग मिनलच्या आजीने, गोदूबाईंनी, माझ्या शेवटच्या पानात सुके बोंबील बांधून शेजारणीला दिले. पान गेलं ते गेलंच. गोष्ट तुटली तीही नेमकी कुठे? गॅदरिंगच्या नाटकात बबडू नवरी झालाय, पडदा वर जातो, आणि पहिल्या रांगेत त्याचे बाबा! पुढचं माझं मलाच ठाऊक नाही. मग वाचणारा जो तो आपापला शेवट रचून सांगू लागला.

परवा मिनलच्या लेकीने, दिव्याने, माझीच नवी आवृत्ती आणली. गुळगुळीत, रंगीत. बबडूच्या हातात मोबाइल! आणि शेवटचं पान शाबूत. ती सटवी आवृत्ती माझेच विनोद सांगून माझ्या डोळ्यांदेखत हशा मिळवत होती.

"मम्मी, जुना अंक रद्दीत टाकू? त्याला एंडच नाहीये."

"टाक," कपड्यांच्या घड्या घालत मिनल म्हणाली. दिव्याने मला रद्दीच्या गठ्ठ्यावर भिरकावलं. "पण थांब, शेवटी होतं काय गं? मला अजून माहीत नाय."

दिव्याने वाचून दाखवलं. बाबा बबडूचा कान धरतात आणि बबडू म्हणतो, यापुढे मन लावून अभ्यास करीन.

"बस? एवढंच?" दिव्याचं तोंड आंबट. "काय बोअर आहे!"

"आमचा भारी होता. भूपेशमामाच्या शेवटात बाबाच मुंडावळ्या बांधून स्टेजवर चढायचे. आणि आजी म्हणायची, चढलेत ना, मग जेवायला कोंबडी कापा!"

दोघी सोफ्यावर लोळून हसल्या. "आता माझा ऐक!" म्हणत दिव्याने मला रद्दीतून ओढून काढलं.

संध्याकाळी शेजारचा पराग आला. "तो जुनावाला दे ना वाचायला."

"तो नाय मिळणार, घरातला आहे. नवीनवाला घेऊन जा!" मिनल म्हणाली.

जिंकलो, असं वाटलं. पण मला प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटात ठेवलं, आणि ती सटवी मीरा रोडभर हिंडतेय! शेअर रिक्षात बसते, वडापावचं तेल लावून घेते, या घरून त्या घरी मुक्काम करते. मी मात्र डांबरगोळ्या हुंगतोय.

मित्रांनो, आम्हाला फाडू नका, जपा. पण कुलपात घालून जपू नका. मोठ्याने वाचा, दुसऱ्याच्या हाती द्या. आणि एवढी कृपा करा, ती परत आली की तिला माझ्या शेजारी ठेवू नका. कुठे कुठे फिरून आले ते रंगवून सांगत बसेल, आणि मला ते ऐकवणार नाही.