कुंदाताईंच्या मशीनचा पत्ता

सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन आमच्याकडे हेडक्लार्क झालेले सदाशिवकाका दिसेल त्या वस्तूवर नंबर टाकत. टेबल, खुर्ची, माठाचा स्टँड, सगळ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटचा नंबर, आणि तोच नंबर रजिस्टरमध्ये. २००६ साली लोहाऱ्याच्या आमच्या लहानशा बियाणे-तपासणी प्रयोगशाळेत कॉम्प्युटर आले. तारेने एकमेकांना जोडल्यावर प्रत्येकाला नेटवर्कमधला आपापला पत्ता मिळाला, आणि काकांनी तोही रंगवून घेतला. रंगवला माझ्याच अब्बांनी. बशीर पेंटरचा नंबर दहा वर्षं उडत नाही.

"काका, हा पत्ता बदलतो," मी तेव्हाच म्हटलं होतं. मी तिथली कॉम्प्युटर ऑपरेटर, पण तेवीस वर्षांच्या पोरीचं ऐकतो कोण!

"रजिस्टरमंधी नोंद झाली उमेरा. आता कायले बदलन?"

जूनमध्ये एके दिवशी विजेचा जोराचा झटका आला आणि पत्ते वाटणारी राउटरची डबीच जळाली. दुपारी बाजारातल्या जमीरने नवी डबी बसवली. नव्या डबीने सगळ्या मशीनना नवे पत्ते वाटले. अब्बांचा रंग तसाच चकाकत होता आणि सगळेच्या सगळे नंबर खोटे झाले होते.

चार वाजता खेमसिंग नायक आले. आर्णीकडच्या बंजारा तांड्याचे ते मुखिया; तांड्यात चाळीस घरं. यंदा सगळ्यांनी एकच कपाशीचं बियाणं घेतलं होतं, आणि ते आणलं होतं नायकांनी, स्वतः पारखून. मग कुठूनतरी बोगस बियाण्याची बातमी कानावर आली, म्हणून त्यांनी मूठभर दाणे आमच्याकडे तपासायला दिले होते.

"उद्या सकाळी पेरा हाय बाई," ते म्हणाले. "कागद आजच पायजे."

कागद तयार होता, पण कुंदाताईंच्या मशीनमध्ये. उगवलेले कोंब मोजून आकडे भरायच्या त्या. खोलीला कुलूप लावून, किल्ली पर्समध्ये टाकून त्या भाचीच्या लग्नाला नागपूरला गेल्या होत्या. मी फोन लावला.

"अवं, साठ नमुने आहेत. मले काय पाठ आहेत?" मागे बँड वाजत होता. "मशीन सुरू आहे, पाहून घे ना तिकडूनच."

कुलूप तोडावं म्हटलं तर काकांना साहेबांची सही हवी होती, आणि साहेब मीटिंगला. मशीनला नावाने शोधावं, तर कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानदाराने सगळ्या मशीनना एकच नाव देऊन ठेवलं होतं. पाच वाजता भारनियमन. लाइट गेली की कुंदाताईंचं मशीन बंद, आणि इकडे तांडा उद्या सकाळी पेरून मोकळा.

काकांनी रजिस्टर उघडून पत्ता वाचून दाखवला. मी टाकून पाहिला. उत्तर नाही.

"पुन्हा टाक."

"काका, त्या पत्त्यावर आता कोणी राहत नाही!" माझा आवाज चढलाच.

काका नायकांकडे वळून हळूच म्हणाले, "नाही भेटला कागद तं नाही भेटला. बियाणं तुमी आनलं. खोटं निघालं तं तांड्यात तोंड कसं दाखवसान?"

नायक माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू शोध पोरी."

मी कॉम्प्युटरवर नोटपॅड उघडून प्रोग्रामच्या चार ओळी लिहिल्या. पहिलीचं काम, माझ्याच मशीनला त्याचा पत्ता विचारायचा आणि त्यातल्या चार आकड्यांपैकी सुरुवातीचे तीन घ्यायचे. ते सगळ्यांचे सारखेच असतात. मग शेवटच्या आकड्याच्या जागी एकपासून दोनशे चौपन्नपर्यंत एकेक आकडा टाकून हाक मारायची. कोणी ओ दिली, तर 'उगवण' नावाचं फोल्डर तिथे आहे का पाहायचं. ते एकट्या कुंदाताईंकडेच होतं.

"म्हंजे पोलिओवाल्या बायांसारखं घरोघरी?" नायकांनी विचारलं.

"अगदी तसंच. एकही दार सोडायचं नाही."

पंधरा मिनिटं राहिली होती. एकवर डबीनेच ओ दिली. मग ओळीने नुसती शांतता. पन्नास. ऐंशी. काका घड्याळाकडे बघत होते, मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. माझ्या चार ओळी बरोबर आहेत हे मला पक्कं माहीत होतं. धाकधूक होती ती फक्त लाइटची. शंभरवर काकांचं मशीन बोललं, एकशे एकवर माझं. पुढे पुन्हा शांतता. एकशे सातवर पडद्यावर अक्षरं उमटली: इथे आहे.

मी खुर्चीवरून उठून ओरडलेच. बंद खोलीतलं फोल्डर माझ्या टेबलावर उघडलं आणि प्रिंटर कुरकुरायला लागला. कागद पूर्ण बाहेर आला आणि दोनच मिनिटांत पंखा थांबला.

शंभर दाण्यांतले एकतीस उगवले होते. लागतात पंच्याहत्तर. मी आकडा सांगितला. इतक्या ऐटीत मी त्या माणसाची बेइज्जतीच छापून त्याच्या हातात दिली होती.

नायकांनी कागदाची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली. "फोन आहे का?"

काकांनी, एसटीडी कॉलचंही रजिस्टर ठेवणाऱ्या काकांनी, रजिस्टर न उघडताच फोन पुढे सरकवला. नायकांनी तांड्यावरच्या दुकानात फोन लावून लालीबाईला बोलवायला सांगितलं. तांड्यातली सगळ्यांत वडीलधारी बाई ती.

"लालीबाई, सगळ्याइले सांग, उद्या पेरू नका," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "म्या आनलेलं बियाणं खोटं निघालं. चूक माही आहे."

पलीकडून ती काहीतरी बोलली. नायकांनी फोन ठेवला आणि डोक्याचं मुंडासं सोडून त्यानेच तोंड पुसलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हनते, दुसरं बियाणंही तूच आन."