दमणी उन्हात काढा

अनसिंगला दमण्या, म्हणजे छपराच्या हलक्या बैलगाड्या, विकणाऱ्या दौलतरावांचा एक रिवाज होता आणि तो त्यांच्या फार सोयीचा होता. नव्या दमणीच्या चाकावर नारळ फुटला की दमणी घेणाऱ्याची. पुढे ती मोडो नाहीतर नाल्यात जावो, दौलतरावांचा संबंध संपला. म्हणून गिऱ्हाईक अंगणात आलं की पाण्याच्या तांब्याआधी नारळ पुढे यायचा.

चौऱ्याहत्तर सालच्या चैतात भागिरथा त्या अंगणात उभी राहिली, तेव्हाही तसंच झालं. वाशीमच्या शिवेवर तिचा नि तिच्या नवऱ्याचा, देवमनचा, भाजीचा मळा होता. बैलजोडी घेऊन धाकटा दीर शालिकराम सोबत आला होता. खरं तर यायचं होतं देवमननं. पण महिन्यापूर्वी, उसन्या आणलेल्या दमणीचं चाक उतारावर फुटलं, दमणी उलटली आणि त्याचा पाय गुडघ्याखाली मोडला. पाय प्लास्टरात, तरी गड्याचा हट्ट कायम. रामनवमीला पोहरादेवीच्या जत्रेला जायचं म्हणजे जायचंच, चार दिवस दमणीतच मुक्काम ठोकायचा. भागिरथा हो म्हणाली खरी, पण तिला एकच भीती होती. पुन्हा चाक फुटलं तर तो पाय काही जुळायचा नाही.

दमणी मात्र देखणी होती. कडुनिंबाच्या गार सावलीत उभी, हिरवागार रंग, लाल आरे, वर बांबूच्या कमानीचं छप्पर आणि आत दोघांना पाय पसरून झोपता येईल एवढी जागा. शालिकराम तर पाहताक्षणीच विरघळला.

"वैनी, आता काय पाहून राह्यल्या? सोन्यासारखी हाय."

"साडेदहाच्या आत नारळ फुटला पायजे, बाई," दौलतराव म्हणाले. "मंग राहुकाळ लागते."

भागिरथानं त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. तिनं जू हलवून पाहिलं, चाकाच्या लोखंडी धावेवर दगड वाजवून आवाज ऐकला, आणि चारचौघांत सरळ आत चढून आडवी झाली. गड्यांनी माना फिरवल्या. कुठे काही कमी नव्हतं, आणि हेच तिला खटकलं. वीस वर्षं तिनं बाजारात भाजी विकली होती. ओल्या गोणपाटाखाली, झाडाच्या सावलीत कालचं वांगंही आजचं दिसतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. ती स्वतःही तेच करायची, खोटं कशाला बोला.

"दमणी उन्हात काढा," ती म्हणाली.

"उन्हात कायले? रंग उडते."

"मंग जत्रेले सावली संगं घेऊन जाऊ काय मी?"

मानोऱ्याकडचा रामसिंग दुसऱ्या दमणीसाठी नारळ घेऊन आला होता. तो हसून म्हणाला, "बाई, पापड वाळवून राह्यल्या काय?"

दमणी उन्हात आली. भागिरथा ओट्यावर बसली. साडेदहा वाजले, राहुकाळ लागला. शालिकरामचं तोंड एवढंसं झालं. साडेअकराला तिचाही धीर सुटू लागला. बाईच्या जातीनं दमणी भाजत ठेवली, हे घरोघर सांगून लोक वर्षभर हसले असते. पण तिला देवमनचा पाय दिसत होता, म्हणून ती हलली नाही.

बारा वाजून गेले, राहुकाळही सरला, तशी ती उठली आणि एकेका आऱ्यावर, आरे बसवलेल्या चाकाच्या मधल्या लाकडी तुंब्यावर अंगठा दाबत निघाली. डावं चाक पक्कं होतं. उजव्या चाकाच्या तुंब्याशी आली आणि अंगठा आत गेला. नखावर पिवळं मेण आलं आणि त्यात लाकडाचा भुसा. तिनं कमरेचा विळा काढून खरवडलं, तर खाली बोटभर रुंद तडा, आरपार. दौलतरावांचं पितळ असं भर दुपारी उघडं पडलं.

"लाकूड हाय, तडकतेच," ते पुटपुटले.

"तडकते तं तडकते. मेण कोणं भरलं?"

"सुताराचं काम. मले काय मालूम?"

"तुमाले मालूम नव्हतं, मंग सावलीत काहून उभी केली?"

दौलतरावांनी गड्याला हाक मारली. आतून दुसरं चाक आलं. भागिरथानं तेही तासभर उन्हात तापवलं, अंगठ्यानं तपासलं आणि मगच जोडू दिलं. नारळ गड्यानं फोडायचा असतो, पण शालिकरामनं तो आपण होऊन तिच्या हातात दिला. "वैनी, तुमीच फोडा," तो म्हणाला. तिनं एका घावात फोडला. तिकडे रामसिंगनं गुपचूप आपली दमणी उन्हात ओढून ठेवली होती.

"बाई, जरा इकडंबी अंगठा लावता काय?" त्यानं विचारलं, आणि या वेळी तो हसत नव्हता.

चौथ्या दिवशी पहाटे ती दोघं जत्रेला निघाली. कासरा तिच्या हातात होता. मागे गादीवर देवमन बसला होता, दमणीची कड मुठीत घट्ट धरून. ज्या उतारावर पाय मोडला होता, तो जवळ आला तसे त्यानं डोळे गच्च मिटले. तिनं बैल आवरले आणि हळूहळू खाली उतरवले. चाकं एका सुरात वाजत राहिली. नाला ओलांडून पलीकडच्या सपाटीला लागल्यावर तिनं मागे वळून पाहिलं. देवमनची मूठ सुटली होती, तोंड उघडं होतं आणि तो चक्क घोरत होता.

तिला एवढा आनंद झाला की त्याला झोपू देणं तिला जमेना.

"अहो, उठा. तो उतार गेला."

देवमननं डोळे चोळत बाहेर पाहिलं.

"कवा?" तो म्हणाला.