माझ्या अंगावरचं खोटं नाव

मित्रांनो, मी गाण्याची एक तबकडी आहे. जुनी म्हणाल तर नाही, वय अवघं पाच महिने. पण खोटेपणा अंगावर वागवायला म्हातारपण कशाला लागतं? माझ्यात एकच धून आहे. गाणारं कुणी नाही, नुसती वाद्यं. ट्रम्पेट, गिटार, ड्रम आणि पाय आपोआप हलवणारा, फंक नावाच्या जुन्या अमेरिकन नाचसंगीताचा ठेका. वाजवणारी चारही पोरं वर्ध्याची.

त्यांचा म्होरक्या अश्वजित. ट्रम्पेट तो नाचणगावच्या हरिदासकाकांकडे शिकला. काकांनी चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट फुंकला. नवरदेव घोड्यावरून मारोतीच्या दर्शनाला निघाला की वाजवायची ही धून त्यांनीच बांधलेली. "काका, तबकडीवर पह्यलं नाव तुमचंच राहीन," असं अश्वजितनं सांगितलं आणि काकांनी ती त्याच्या हवाली केली. लिहून काही घेतलं नाही. आपल्याच चेल्याकडून काय लिहून घ्यायचं?

पुढे कारखान्यात गरम काळ्या गोळ्यावर साचा दाबला गेला आणि मी जन्मले. मधोमध नारिंगी कागद चिकटवला. त्यावर छापलं होतं, 'रचना : अश्वजित'. मला बिचारीला वाचता कुठं येत होतं! मी आपली मिरवत राहिले.

बोरगाव मेघेतल्या एका हॉलमध्ये मला पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. काका इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. अश्वजित माइकवर म्हणाला, "ही धून मला प्रवासात सुचली." काकांनी मान खाली घातली. तेव्हा मला कळलं, माझ्या अंगावर काय छापलंय ते. मित्रांनो, लाजेनं तिथंच तडकावंसं वाटलं. पण सुई टेकली होती, वाजणं भाग होतं.

धुनीच्या मध्यावर दोन आखूड फुंका आहेत. त्या धुनीतल्या नाहीतच. नवरदेव घोड्यावरून उतरला, आता थांबा, असा तो काकांचा ढोलवाल्यांना इशारा. अश्वजितनं काही न समजता त्या जशाच्या तशा उचलल्या होत्या. फुंका वाजल्या आणि मागच्या रांगेत बसलेले, काकांच्या बँडमधले म्हातारे ढोलवाले भैयाजी सवयीनं ओरडले, "थांबा रे, नवरदेव उतरला!" मग स्वतःच चपापले. "हे तं आपल्या हरिदासची धून आहे ना बे!"

हॉल हसला. अश्वजितचं तोंड उतरलं. "काका, पुढच्या खेपेले नाव टाकतो," तो पुटपुटला.

"काऊन रे बाबू," काका हळूच म्हणाले, "मले विचारलं असतं तं त्या फुंका काढाले सांगितल्या असत्या. कोनाले समजलंही नसतं."

अश्वजितनं मला काकांच्या हातात दिलं, आता मी त्यांच्याच घरी असते. त्यांच्याकडे मला वाजवायचं यंत्र नाही. ते मला मांडीवर घेतात, रेघांवरून बोट गोल फिरवत धून गुणगुणतात आणि त्या दोन फुंकांपाशी थांबतात. नारिंगी कागदाला मात्र बोट लावत नाहीत.

मित्रांनो, धुळीपासून, उन्हापासून मला सगळेच जपतात. मी वेगळंच मागते. माझ्यावर नाव छापण्याआधी विचारा, फुंक कुणाची आहे? कारण एकदा छापलेलं मला पुसता येत नाही.