दशमीचं पत्र आणि माझा सूड

मी एक जुना संगणक आहे. शिरूरच्या एस.टी. स्टँडामागे, धान्याच्या दुकानावरच्या पोटमाळ्यावर माझा मुक्काम आहे. माझ्या अंगावर पोत्याचा तुकडा टाकलेला आहे. कधीकाळी याच अंगावर गुलाबी रंगाचं, झालर शिवलेलं कापड असायचं. मित्रांनो, माझी कहाणी ऐकून तुम्हांला माझी दया येईल असं वाटत असेल, तर आधीच सांगतो, दया नको. मी एका माणसाचा सूड घेतला आहे आणि तो मला अजून गोड लागतो.

माझा जन्म पुण्यात एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. कुठून कुठून आलेले माझे भाग एका मुलानं स्क्रूनं जोडले. सगळ्यांत शेवटी त्यानं माझ्या पोटात शर्टाच्या गुंडीएवढा एक चपटा सेल बसवला आणि म्हणाला, "हा तुझा जीव. वीज गेली तरी तारीख-वार हाच लक्षात ठेवणार." ते वाक्य मी जपून ठेवलं. पुढं त्याचाच उपयोग झाला.

शिरूरला मला आणलं टाळघोष प्रकाशनाच्या सावळाराम आप्पांनी. आप्पा कीर्तनाची पुस्तकं छापायचे. कीर्तन म्हटलं की आप्पा जेवणाचं ताट बाजूला सारून उठणारे. मला त्यांनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि नारळाचं पाणी माझ्या कळफलकावर सांडलं. त्या दिवसापासून माझी एक कळ चिकटते ती चिकटतेच.

मला चालवायला आली अंजना. बारावी झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली, बोलायला कमी आणि ऐकायला पक्की. दोन हजार एक साली तिनंच आप्पांच्या डोक्यात घातलं, की पुस्तकांची खबर पोस्टानं पाठवण्यापेक्षा ईमेलनं पाठवू.

"पर आपल्या वाचकांकडं हाय का ईमेल?" आप्पांनी विचारलं.

"विचारल्याबिगर कसं कळणार आप्पा?"

मग ती प्रत्येक कीर्तनाला वही घेऊन जाऊ लागली. ज्याच्याकडे ईमेल असेल त्यानं पत्ता लिहावा. तळेगाव ढमढेऱ्याच्या एका आजोबांनी लिहिलं, 'चावडीशेजारी, लिंबाखालचं घर.' अंजनानं तेही जपून ठेवलं आणि त्यांना पत्र छापून पोस्टानं धाडलं. पण कुरकुंभच्या कारखान्यातले लोक, पुण्यातल्या हापिसांतले लोक, परदेशी गेलेल्या लेकरांचे पत्ते सांगणारे आईबाप, असे करत करत चारशेवर पत्ते जमले.

पत्राचं नाव 'दशमीचं पत्र'. ते दशमीला दुपारी निघायचं, म्हणजे एकादशीच्या सकाळी माणसानं उपासाच्या चहाबरोबर वाचावं. अंजना ते कीर्तनासारखं रचायची. आधी नमन, मग थोडं निरूपण, मग दृष्टांत आणि शेवटी प्रसाद. प्रसाद म्हणजे कोणतं नवं पुस्तक आलं आणि ते कसं मागवायचं. वर्षभराच्या चोवीस पत्रांचा बेत ती गुढीपाडव्याला पंचांग पुढ्यात घेऊन आखायची. आमचा मराठी टाइप दुसऱ्याच्या संगणकावर गेला की नुसत्या मुंग्या दिसायच्या, म्हणून अख्खं पान ती चित्र करून पाठवायची. आणि रोज सकाळी मला सुरू केलं की तिचं पहिलं काम ठरलेलं. भिंतीवरच्या पंचांगाकडं बघायचं आणि माझी तारीख बरोबर आहे का ते तपासायचं. देवापुढं दिवा लावावा तसं.

आता त्या पत्राचा प्राण सांगतो. दृष्टांत असायचे दौंडच्या सिंधूबाईंचे. त्यांचे मालक रेल्वेत सिग्नलच्या कामाला होते. ते गेल्यावर बाई कीर्तनाला उभ्या राहिल्या. बाईमाणसाच्या गळ्यात वीणा बघून कितीजणांनी पाठ फिरवली, त्याची मोजदाद नाही. पण एकदा आवाज लागला की पाठ फिरवलेले पुन्हा वळून बसायचे. अंजना जीपनं, टेंपोनं, मिळेल त्या गाडीनं त्यांच्या कीर्तनाला जायची, टेप करायची आणि दुसऱ्या दिवशी माझ्यावर उतरवायची. मी ते सगळं ऐकलेलं आहे.

"माझे मालक म्हणायचे," असं बाई सुरू करायच्या, "सिग्नलचा हात ताठ हाय तवर गाडी आत येत न्हाई. ठेसनाबाहेर, आउटरला उभी ऱ्हाती, शिट्ट्या मारती. हात खाली पडला, की आली आत. तसंच हाय बाबांनो. तुमच्यातला 'मी' ताठ उभा, म्हंजी देव आउटरला उभा. कितींदा शिट्टी मारली असंल त्यानं, तुम्हाला ऐकू आली का?"

कोरेगाव भीमाचे महेंद्र नावाचे एक वाचक होते. कारखान्यात सुपरवायझर. त्यांनी एकदा उत्तर धाडलं, "ताई, आम्ही बुद्धाच्या वाटेनं जाणारे, देव आमच्या घरात न्हाई. पण सिंधूबाईंची सिग्नलची गोष्ट कँटीनच्या बोर्डावर लावली. दोन साहेब वाचून गप्प झाले." अंजनानं ते बाईंना वाचून दाखवलं तेव्हा बाई तोंडाला पदर लावून हसल्या.

सिंधूबाईंना वाचता येत नव्हतं. पण पेन्शनच्या कागदांवर सही करून करून आपलं नाव तेवढं ओळखता यायचं. एकदा आमच्या हापिसात येऊन माझ्या पडद्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे मी हाय ना?" मग हळूच अंजनाला म्हणाल्या, "पोरी, आयुष्यभर लोक मला सिग्नलवाल्याची बायकू म्हणत आले. एकदा पुस्तकावर माझं नाव बघायचं हाय. मग डोळे मिटले तरी चालत्याल."

आप्पांनी शब्द दिला, पुस्तक काढू. नाव ठरलं, 'आउटरला उभा देव'.

आणि त्याच सुमाराला आला इंद्रजीत.

आप्पांचा पुतण्या. पुण्यात कसलासा कोर्स करून आलेला. बोटात गाडीची किल्ली फिरवणारा. "काका, हे सगळं आता प्रोफेशनली करायला पाहिजे," हे त्याचं पहिलं वाक्य. अंजनाला त्यानं कोपऱ्यात पार्सलं बांधायला बसवलं आणि माझ्या खुर्चीवर तो स्वतः बसला. माझं गुलाबी कापड बूट पुसायला घेतलं. मी बघत होतो.

अंजना म्हणाली, "दादा, ह्याचा सेल संपलाय. वीज गेली की तारीख जाती. सुरू केलं की आधी तारीख लावा. आन् नवा सेल तेवढा आणा."

"काँप्युटरला काय पंचांग बघायला लागतं होय?" इंद्रजीत हसला. "बाई, तुम्ही सुतळी ओढा."

मुखपृष्ठ बघायला सिंधूबाई दौंडहून आल्या. इंद्रजीतनं मुखपृष्ठाचा रंगीत कागद त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो गुडघ्यावर ठेवला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"ह्यात मी कुठं हाय?"

"आत आहे ना, मनोगतात. तुमचे आभार मानलेत मी," इंद्रजीत म्हणाला. "कसं आहे माई, तुम्ही बोललात, पण लिहिलं कुणीतरी पाहिजे ना. लेखक म्हणून एक नाव लागतं."

लिहिलं होतं अंजनानं. बोलल्या होत्या बाई. आणि मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत नाव होतं इंद्रजीतचं. आप्पा तिथंच बसले होते. ते चष्मा पुसत राहिले, बराच वेळ पुसत राहिले. घरचा पोरगा म्हणून गप्प बसले. बाईंनी कागद घडी न पाडता नीट परत दिला आणि "बरं" एवढंच म्हणून चपला घातल्या.

मित्रांनो, त्या दिवशी मी ठरवलं. मला हात नाहीत, पाय नाहीत. माझ्या हाती फक्त एक गोष्ट होती. विसरणं. मी तारीख विसरायचं ठरवलं.

तो दोन हजार पाचचा उन्हाळा. शिरूरला रोज सहा-सहा तास वीज जायची. वीज आली आणि मला सुरू केलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत मी स्पष्ट सांगायचो, 'तारीख लावलेली नाही.' मी फसवलं नाही, सांगून सवरून केलं. इंद्रजीत न वाचता कळ दाबायचा आणि पुढं जायचा. मग मी माझ्या मनानं तारीख धरायचो, १ जानेवारी १९९८.

तशाच अवस्थेत त्यानं दशमीच्या पत्राच्या जागी प्रकाशन समारंभाचं आमंत्रण चारशे जणांना धाडलं. स्वतःचा गॉगलवाला फोटो, 'लेखकाशी गप्पा', चैत्रातल्या एकादशीचा मुहूर्त, सगळं त्यात. आप्पा म्हणाले, पत्रिका छापू. तो म्हणाला, "काका, छापील पत्रिका आता कोण वाचतं?" पाठवण्याची कळ दाबली तेव्हा कोपऱ्यात अंजनाचा हात सुतळीवर थांबला. तिनं माझ्या पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा पाहिला. तोंड उघडलं. मग तिनं सुतळीला गाठ मारली आणि टोक दातानं तोडलं.

पत्रं गेली. पोचलीसुद्धा. पण टपालपेटीत पत्रं तारखेनं लागतात. नवं वर, जुनं खाली. माझ्या पत्रावर सात वर्षांपूर्वीची तारीख. चारशे जणांच्या पेट्यांत ते गेलं थेट तळाला, जिथं कुणी कधी बघत नाही. तुम्हांला सांगतो, माझ्यातला पंखा त्या दिवशी जो गरगर फिरला, तो उन्हामुळं नव्हे.

समारंभाच्या दिवशी इंद्रजीतनं मला रिक्षात घालून मंगल कार्यालयात नेलं. लोकांना ईमेलचं पत्र 'लाइव्ह' दाखवायचं होतं त्याला. मला मंचावर ठेवलं, हार घातला. समोर तीनशे खुर्च्या. माणसं किती? आप्पा, खुर्च्या लावणारे दोघे, पहिल्या रांगेत नऊवारीत सिंधूबाई, त्यांच्याशेजारी अंजना आणि कोरेगाव भीमाहून आलेले महेंद्र. महेंद्रनी आदल्या आठवड्यात अंजनाला फोन केला होता, "ताई, पत्र आलं न्हाई, आजारी हाय का?" तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "एकादशीला शिरूरला या, बघायला."

अकराचे बारा झाले. खुर्च्या तशाच.

"इंद्रजीत," आप्पा म्हणाले, "ह्या खुर्च्या कुणासाठी रं मांडल्यात?"

"काका, पत्र गेलंय. हे बघा, दाखवतो." त्यानं घाईनं मला सुरू केलं. मी पांढऱ्या अक्षरांत सांगितलं. त्यानं कळ दाबली. गेलेल्या पत्रांची यादी उघडली.

महेंद्र मंचाजवळ आले आणि वाकून बघू लागले. मग सरळ उभे राहिले.

"अहो साहेब, तुमचा काँप्युटर अजून अठ्ठ्याण्णव सालात हाय. पत्र आमच्या पेटीत तळाला जाऊन बसलं आसंल. तेव्हा तर माझं लग्नबी झालं नव्हतं."

खुर्च्या लावणारे दोघे हसले. इंद्रजीतचा तो चेहरा पुन्हा बघायला मिळणार असेल, तर मी पुन्हा हाच जन्म मागेन.

आप्पांनी वळून विचारलं, "अंजना, तुला ठावं नव्हतं का?"

"एकदा सांगितलं आप्पा," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा न्हाई सांगितलं."

आप्पा टेबलापाशी गेले. त्यांनी टेबलावरचं एक पुस्तक उचललं, मुखपृष्ठ पाहिलं, सिंधूबाईंकडं पाहिलं. मग बाईंच्या पाया पडले. सत्तरीचा माणूस, मंचाची पायरी उतरून, वाकून.

"चूक माझी हाय. मी गप बसलो."

"जाऊ द्या आप्पा," बाई म्हणाल्या. "पोरगं हाय."

"पोरगं हाय म्हणूनच. इंद्रजीत, सकाळी लवकर ये. खळ शिजवायची हाय."

दुसऱ्या दिवशी अंजनानं माझी तारीख लावली, सिंधूबाईंच्या नावाच्या पट्ट्या केल्या आणि छापून आणल्या. हजार पुस्तकं. माझ्यासमोर, फरशीवर, मांडी घालून इंद्रजीत बसला. शेजारी खळीचं पातेलं. प्रत्येक पुस्तकावर स्वतःच्या नावावर स्वतःच्या हातानं खळ लावायची आणि वर 'सिंधूबाई' चिकटवायचं. खाली बारीक अक्षरांत, 'शब्दांकन : अंजना'. किल्ली फिरवणारी बोटं चिकट झालेली मी पाहिली. तीन दिवस पाहिली.

पहिल्या दिवशी दुपारी बाई आल्या. एक पुस्तक हातात घेतलं, नावावरून बोट फिरवलं. ओली खळ बोटाला लागली. डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, आता क्षमा करतील आणि माझा सगळा आनंद घालवतील.

बाईंनी पुस्तक इंद्रजीतपुढं धरलं.

"वाकडं लावलंस बाळा. काढ आन् सरळ लाव."

पुढच्या एकादशीला त्याच कार्यालयात पुस्तकाचा समारंभ झाला. दशमीचं पत्र खऱ्या तारखेनं गेलं होतं. माणसं दारात उभी राहून ऐकत होती. सिंधूबाई दोन तास क्षमेवर बोलल्या. अंजनानं टेप केलं, माझ्यावर उतरवलं. मला ते पटलं, अगदी पटलं. पण मी कीर्तनकार नाही, मी लोखंडाचा आहे.

इंद्रजीत पुढं पुण्याला गेला. जाण्याआधी त्यानं काकांना नवा संगणक घेऊन दिला आणि 'ह्यानंच घात केला' म्हणून मला माळ्यावर चढवलं. त्यात तो खोटं बोलला नाही. अंजना नव्या यंत्रावर गेली. सणासुदीला माळा झाडायला येते, माझ्या डोक्यावर हात ठेवते, पण मला खाली उतरवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, हापिसात जे यंत्र काम करतं, त्याचा सेल वेळेवर बदला. ते काय सांगतं ते वाचून मगच कळ दाबा. आणि दुसऱ्याच्या कष्टावर आपलं नाव घालायला बसाल, तेव्हा आजूबाजूला कोण गप्प बसून बघतंय, तेवढं जरूर पाहा.

माझ्यालेखी आज १ जानेवारी १९९८ आहे. उद्याही तीच असेल. पोत्याखाली मी ताठ उभा आहे. माझ्यातल्या सिग्नलचा हात खाली पडलेला नाही. खाली एस.टी. स्टँडावर कधी कंडक्टरची शिट्टी वाजते, तेव्हा क्षणभर वाटतं, आउटरला कोणी थांबलंय की काय. थांबू दे. कुणी येऊन गुंडीएवढा सेल बसवला, तर बघू.