डोक्याकडची बाजू

“याची आई दाखव,” मर्ल म्हणाला.

टेबलामागची पोरगी हसली. “आई घरी आहे, काका. फोटो दाखवू?”

“फोटोत शेजारी कोणीतरी उभं हवं. नुसत्या सापाच्या फोटोवरून लांबी कळते होय?”

मी मागे उभी होते, दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून. यॉर्कच्या मैदानावरच्या हॉलमध्ये साप विकणाऱ्यांचा बाजार भरला होता आणि सकाळपासून आमची आठ टेबलं पालथी घालून झाली होती. हे नववं. पहिल्या टेबलाशी जेवढं कळत होतं तेवढंही आता मला कळेनासं झालं होतं. एक जण म्हणाला, नर घ्या, नर लहान राहतात. दुसरा म्हणाला, नर-मादीचं सोडा, बेटावरची जात घ्या, चार फुटांपुढे जात नाही. तिसरा म्हणाला, बेटावरचे म्हणून जे विकतात त्यातले किती खरे, हे तीन वर्षांनी कळतं. चौथ्याने तर सरळ सांगितलं, कमी खायला घाला, आपोआप लहान राहील. त्याच्याकडे मर्लने असं काही पाहिलं की मीच त्याला दंडाला धरून पुढे नेलं. चाळीस वर्षं वेफर्सच्या कारखान्यात तळणीपाशी उभा राहिलेला हा माणूस आवाज कधी चढवत नाही, पण कोणाला उपाशी ठेवायचं म्हटलं की त्याचं डोकं फिरतं.

खरं तर हा सगळा घोळ माझ्यामुळे झाला. मी त्याची शेजारीण, फर्न. जन्मभर शाळेची बस चालवली, सापातलं मला ओ की ठो कळत नाही. मर्लकडे मेबल होती, साडेआठ फुटांची बोआ. म्हणजे अजगराच्याच धाटणीची, विषबिष नाही, नुसती मिठी. त्याने आणि त्याच्या बायकोने, आर्लीनने, ती बावीस वर्षं सांभाळली. साप पाळणाऱ्या या मंडळींचा एक नियम आहे, सहा फुटांपुढचा साप एकट्याने बाहेर काढायचा नाही. दुसरं माणूस हवंच. घरात दोघं होती तोवर हा नियम आहे हेसुद्धा कोणाला आठवत नव्हतं.

ऑक्टोबरात आर्लीन वारली. मार्चमध्ये एका दुपारी मला मर्लचा फोन आला. “फर्न, जरा येतेस का? तशी घाई नाही.” गेले तर हा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेला, दंडावर मेबलचे तीन वेढे आणि बोटं जांभळी पडलेली.

“शेपटीकडून सोडव,” तो शांतपणे म्हणाला. “डोक्याकडून नको, ती आणखी आवळते.”

देवाचं नाव घेत मी ती सोडवली आणि मग त्याच्यावर असा तोंडाचा पट्टा सोडला की मेबलनेच पेटीत तोंड लपवलं. “उद्या मी घरी नसले तर काय करशील?” आठवड्याने तो आपणहून आला आणि म्हणाला, मेबलला जागा शोधू या.

आज सकाळी याच हॉलच्या दारात ती एका तरुण जोडप्याकडे गेली. पांघरुणाच्या खोळीत घालून आणली होती. मर्लने एवढंच विचारलं, “डोक्याकडे कोण असणार?”

“मी,” ती मुलगी म्हणाली.

“बरं झालं,” असं म्हणून त्याने खोळीची गाठ तिच्या हातात दिली. तो रडला नाही. रडले मी. ज्या जनावराला बघून मी दारातच थांबायचे, त्याच्यासाठी मी का रडावं हे मला अजूनही समजलेलं नाही.

“मांजर घे की,” मी नंतर म्हणाले.

“पेटी रिकामी आहे, फर्न. तिचा उबेचा दिवा मी बंद करू शकत नाही. रात्री बैठकीत कोणीतरी आहे असं वाटलं पाहिजे.”

म्हणून ही नऊ टेबलं. मर्लने टोपी काढून कपाळ पुसलं. समोरच्या डब्यांतली पिल्लं करंगळीएवढ्या जाडीची होती, आणि ती केवढी होणार हे कोणीच शपथेवर सांगत नव्हतं.

“जगतात किती?” मी पोरीला विचारलं.

“पंचवीस वर्षं आरामात.”

मर्ल एकाहत्तरचा आहे.

“तो कोपऱ्यातला?” मर्लने विचारलं.

“तो? तो अकरा वर्षांचा नर आहे. कोणी घेत नाही, सगळ्यांना पिल्लंच हवी असतात.”

“लांबी?”

“सव्वातीन फूट. आता काही वाढायचा नाही.”

मर्ल त्या डब्यावर वाकला. “मग आईचा फोटो राहू दे,” तो म्हणाला. “हाच दे.”

पोरीने साप अलगद उचलून पुढे केला. मर्लने दोन्ही हातांनी शेपटीकडचा भाग नीट तोलून धरला आणि तसाच उभा राहिला. पोरगी डोक्याकडची बाजू धरून थांबली. तिला वाटलं, याचं अजून ठरत नाहीये.

“घ्या ना, काका. एका हातात मावेल.”

“डोकं आर्लीन धरते,” मर्ल म्हणाला.

मग त्याचं त्यालाच कळलं. त्याचे कान लाल झाले, पण हात जिथल्या तिथेच राहिले. बावीस वर्षं तो शेपटीकडे होता. मार्चमध्ये ते तीन वेढे कसे पडले, हे मला आत्ता समजलं.

मी खिशातून हात बाहेर काढले. “कुठे धरायचं ते सांग.”

“मानेच्या मागे. दाबू नकोस, नुसता आधार दे.”

मी तळवा त्याच्या मानेखाली सरकवला. मर्लने घरून आणलेला उशीचा अभ्रा पोरीने उघडून धरला. त्याच्यावर आर्लीनने भरलेली निळी फुलं होती. एका माणसाला झेपेल म्हणून शोधलेला तो सव्वातीन फुटांचा साप आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून सावकाश आत सोडला.